बेरीज सारखी, दुखणे निराळे

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शनिवार पेठेतल्या रमणबाग किंवा अहिल्यादेवी शाळेच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहा. 'टेन्शन आलंय' हे शब्द कानांवर पडतीलच. या एका शब्दात आपण दोन निराळी दुखणी कोंबतो. चिंतेची नजर पुढे असते: पेपर अवघड निघाला तर? छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. नैराश्यात मात्र परीक्षा झाली काय नि राहिली काय, सारखेच. आवडीच्या खेळातही मन रमत नाही.

ही दोन्ही ओळखण्यासाठी मानसशास्त्रज्ञ प्रश्नावल्या वापरतात. चिंतेची 'जीएडी-७' (२००६) सात प्रश्नांची, नैराश्याची 'पीएचक्यू-९' (२००१) नऊ प्रश्नांची. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, ते सांगायचे. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. गंमत अशी, की एकीत ज्याला जास्त गुण पडतात त्याला बहुधा दुसरीतही पडतात. झोप, थकवा, एकाग्रता हे प्रश्न नैराश्याच्या यादीत आहेत खरे, पण काळजीने रात्रभर जागणाऱ्या मुलालाही ते गुण देतातच की!

क्लार्क आणि वॉटसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये याची उकल मांडली. मनाची तगमग दोन्हींत सामाईक. शरीराची धडधड ही चिंतेची खास खूण, आनंद आटणे ही नैराश्याची. म्हणूनच माझे मत असे, की नुसत्या बेरजेवर विसंबू नये. गुण कोणत्या प्रश्नांना पडले ते पाहावे. दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात.

भाषेचाही प्रश्न आहेच. १९८३ च्या एका इंग्रजी प्रश्नावलीत पोटात फुलपाखरे उडाल्यासारखी भीती वाटते का, असे विचारले आहे. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो! शब्दशः भाषांतर केले तर मूल काय उत्तर देणार?

शिक्षकांनी वर्गात असे कागद वाटून मुलांवर शिक्के मारू नयेत. प्रश्नावली फक्त चाळण आहे. निदान तज्ज्ञानेच, समोर बसवून बोलून करायचे. आणि 'पीएचक्यू-९'चा नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयी आहे. त्याचे उत्तर 'हो' असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत.