‘कोल्हापुरी’ नाव आणि खानावळीची चूल

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी ‘प्रादा’ या विख्यात कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मंचावर आणल्या आणि त्यांच्या उगमाविषयी मात्र मौन पाळले, तेव्हा कोल्हापुरात संतापाची लाट उसळली. तो संताप रास्तच होता. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेमागे भारतीय कारागिरांची परंपरा आहे, हे त्या कंपनीलाही पुढे मान्य करावे लागले. तथापि, चपलेच्या नावासाठी इतक्या तत्परतेने उभे राहणारे हे शहर, त्याच नावाने देशभर चाललेल्या दुसऱ्या व्यवहाराबाबत मात्र कमालीचे उदासीन आहे. दिल्लीपासून चेन्नईपर्यंत कोणत्याही उपाहारगृहात लाल तिखटाचा मुक्तहस्ते वापर झाला, की त्या पदार्थास ‘कोल्हापुरी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी तर खुद्द कोल्हापूरच्या घरगुती स्वयंपाकात शोधूनही सापडत नाही!

या नावाचा खरा धनी शोधावयाचा तर शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी येथील खानावळींकडे वळावे लागेल. यांतील बहुतेक एकेका कुटुंबाच्या मालकीच्या. कोठे राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चार बाके टाकलेली, कोठे गाळा भाड्याने घेतलेला. मिसळीच्या बाबतीत तर बावडा, खासबाग ही स्थळनामेच पाट्यांवर चढली आहेत. एका खानावळीचा रस्सा दुसरीसारखा नसतो, आणि गिऱ्हाइकाची निष्ठा तालमीवरील निष्ठेइतकीच कडवी असते.

हा फरक येतो कोठून? मटण शिजवताना निघणारे पाणी, ज्यास येथे अळणी म्हणतात, ते दोन्ही रश्श्यांचा पाया. त्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा रस्सा होतो. चटणी पडली की तांबडा. चटणी म्हणजे कांदा, लसूण, सुके खोबरे, धने आणि खडा मसाला घालून उन्हाळ्यात वर्षाच्या बेगमीसाठी कांडून ठेवलेले तिखट. मिरची रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी. दोन्ही नावे आज कर्नाटकात असलेल्या गावांची. सीमाप्रश्नाचा निकाल काहीही लागो, तांबड्या रश्श्याने तो केव्हाच निकालात काढला आहे. मिरचीचे प्रमाण, कांदा किती परतावा, खोबरे किती भाजावे, हे कोठेही लिहिलेले नसते. ते एका हातात असते, आणि बहुधा तो हात स्त्रीचा असतो.

येथेच खरी अडचण आहे. खानावळ त्या हाताच्या आवाक्याएवढीच मोठी होऊ शकते. ती वाढली, दुसरी शाखा निघाली, की चटणी पुडक्यातून येऊ लागते आणि मग कोल्हापूरची खानावळ व चेन्नईचे उपाहारगृह यांत पाटीखेरीज भेद उरत नाही. उलट ती लहान राहिली, तर वाढते भाडे आणि महागलेले मटण यांत तिचा निभाव लागणे कठीण. सासूने जे सोसले ते सुनेने का सोसावे, हा प्रश्न घराघरांत विचारला जात आहे, आणि त्यात गैर काही नाही. पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे नाव पुष्कळदा ना पाटीवर असते, ना परवान्यावर, ना भाडेपट्ट्यावर. चवीचा गौरव करणारे रसिक या गोष्टीविषयी सहसा बोलत नाहीत.

लहान ते सर्व सुंदर, असा याचा अर्थ नव्हे. अस्वच्छ मोरी आणि रंग मिसळलेला कट यांचे समर्थन परंपरेच्या नावाने करता येणार नाही. परंतु बाजार आपोआप चांगल्याची निवड करील, हा भरवसाही अनुभवास उतरत नाही. इटलीतील नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी तो ठेवला नाही. १९८४ मध्ये त्यांनी संघटना उभारली व पीठ, कणीक, भट्टी यांचे नियम स्वतःच ठरविले. २०१७ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली, ती पिझ्झा या पदार्थास नव्हे, तर तो घडविणाऱ्यांच्या कलेस. कोल्हापुरात रश्श्यासाठीही मानांकन मागणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा.

किंबहुना इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढण्यासाठी भांडवल दिले आणि ‘सत्यसुधारक’ नावाच्या त्या हॉटेलात स्वतः येऊन सर्वांसमक्ष चहा घेतला. केवळ सहानुभूतीचा हुकूम काढून ते थांबले नाहीत. मुंबईत १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या बायांचे ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापिले व सावकाराच्या विळख्यातून सोडवून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले. तारण देण्यास त्यांच्याकडे काही नव्हते. बँकेने त्यांच्या कष्टांवर विश्वास ठेवला.

कोल्हापुरात हे होण्यास अडचण कोणती? महापालिकेच्या मालकीचे गाळे आहेत. त्यांतील काही स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्याच नावे वाजवी भाड्याने देता येतील. सहकारी बँकांची तर या जिल्ह्यात वाण नाही. घराच्या उताऱ्याऐवजी महिनेवारी जेवणाऱ्यांची वही पाहून कर्ज देण्याचा प्रयोग त्यांपैकी एखादीने करावा. त्या वहीत शिवाजी विद्यापीठात शिकावयास आलेली खेड्यांतील मुले आहेत, बदलीवर आलेले कारकून व शिक्षक आहेत. दरमहा पैसे चुकते करणाऱ्या या गिऱ्हाइकांइतके भरवशाचे तारण बँकांना दुसरे कोणते हवे आहे?