शब्दार्थांची वही आणि काशीचे शास्त्री

इंग्रजीचा शब्दसंग्रह वाढवायचा म्हणजे काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत ठरलेलं आहे. दोनशे पानी वही घ्यायची, पानाच्या मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ लिहायचा. रोज दहा शब्द पाठ, रविवारी उजळणी. २००० साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा ही वहीही पाचवीतून पहिलीत उतरली. पुढे स्पर्धा परीक्षांच्या क्लासात तीच वही जाड होते आणि अर्थांच्या शेजारी समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांचे रकाने येतात. एवढं करून शेकडो शब्द तोंडपाठ असलेला मुलगा मुलाखतीत चार वाक्यं बोलताना अडखळतो. मग दोष मुलाच्या आत्मविश्वासाला दिला जातो. वहीकडे कोणी बोट दाखवत नाही.

या वहीच्या वाटेने न जाता इंग्रजी आपलंसं केलेल्या माणसांचा एक जुना पाठ आहे, आणि त्यासाठी थोडं काशीला जायला हवं.

काशीतला बालाजी घाट बाहेरच्या माणसाला ठाऊक असतो तो बिस्मिल्लाखाँमुळे. इथल्या बालाजी मंदिरात त्यांनी वर्षानुवर्षं रियाज केला. पण घाट मराठी आहे. अलीकडे ग्वाल्हेरच्या राजाचा घाट, पलीकडे पंचगंगा, पुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट असा हा टापू पेशवाईपासून दक्षिणी ब्राह्मणांच्या वस्तीचा. या वस्तीत मुलांची विद्या सुरू व्हायची ती पाठांतराने. जवळच्या रामघाटावर सांगवेद विद्यालयात वेदपठणाची ती परंपरा अजून चालू आहे. तेव्हा घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी इथे जरा जपून बोलावं.

कारण शब्दांचं पाठांतर ही या शास्त्र्यांची हयातभराची शिदोरी होती. अमरकोशाचे सुमारे दीड हजार श्लोक लहानपणीच मुखोद्गत केले जात. मात्र कोशकार अमरसिंहाने शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. त्याने वर्ग पाडले. स्वर्ग, काल, पाताळ, वारी, पूर, शैल, वनौषधी. वारिवर्गात पाण्याची नावं आहेतच, शिवाय नदी, नाव, नावाडी, मासे, जाळं हेही तिथेच भेटतात. म्हणजे शब्द सगळ्या गोतावळ्यासह पाठ होतो, छंदात बसल्यामुळे टिकतो, त्याचं लिंग त्याच ओळीत कळतं आणि पुढे काव्य वाचताना, शास्त्रार्थ करताना तो रोज वापरात येतो. आजच्या यादीत ‘अबँडन’नंतर ‘अबेट’ येतो तो केवळ स्पेलिंगच्या शेजारधर्मामुळे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, त्यामुळे एकाला आठवताना दुसऱ्याची मदत होत नाही, झाला तर गोंधळच होतो.

या पाठांतरावर वाढलेली माणसं इंग्रजीसमोर उभी राहिली तेव्हा काय झालं, हे काशीच्या संस्कृत कॉलेजात दिसतं. १७९१ साली जोनाथन डंकनने काढलेलं हे कॉलेज म्हणजे आजचं संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय. १८४६ मध्ये तिथे जेम्स बॅलंटाइन प्रमुख म्हणून आला. काशीला येण्याआधी, १८३९ मध्ये, या साहेबाने मराठीचं व्याकरण छापलं होतं. पंडितांना इंग्रजी आणि पाश्चात्त्य शास्त्रं शिकवायची त्याची रीत वेगळी होती. इंग्रजी शब्द नुसता देवनागरीत उतरवून दिला तर पंडिताच्या पदरात काहीच पडत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने रसायनातल्या नावांचा अर्थ फोडला आणि ऑक्सिजनला ‘प्राणप्रद’, हायड्रोजनला ‘जलकर’, नायट्रोजनला ‘जीवान्तक’ अशी नावं योजली. हायड्रोजन जळला की पाणी होतं, हे ‘जलकर’ ऐकताच कळतं. १८५२ मध्ये पंडित विठ्ठलशास्त्र्यांनी बॅलंटाइनबरोबर बेकनच्या ‘नोव्हम ऑर्गॅनम’चं संस्कृत विवरण सिद्ध केलं. बेकनचा मुद्दा न्यायशास्त्राच्या परिभाषेत मांडायचा, तर आधी तो पुरता पचवावा लागतो. नुसत्या प्रतिशब्दाने तिथे भागत नाही.

दुसरे बापूदेवशास्त्री. १८२१ चा जन्म, घराणं गोदाकाठच्या टोक्याचं, गणिताचे पहिले धडे नागपुरात. सीहोरच्या पाठशाळेतून ते काशीच्या कॉलेजात आले आणि हयातभर तिथेच राहिले. सूर्यसिद्धान्त या ज्योतिषग्रंथाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झालं. या कामात वहीतले शब्दार्थ किती उपयोगी पडले असते? ‘रेव्होल्यूशन म्हणजे क्रांती’ हे आज शाळेतलं पोरही सांगेल. पण ज्योतिषात क्रांती म्हणजे विषुववृत्तापासूनचं खस्थ गोलाचं अंतर, इंग्रजीत ‘डेक्लिनेशन’. आणि ग्रहाचं जे ‘रेव्होल्यूशन’ त्याला सिद्धान्तग्रंथांत म्हणतात भगण. शब्दाला शब्द चिकटवणारा इथे पहिल्याच पानावर आडवा झाला असता. बापूदेवांना तारा ठाऊक होता, त्याची गती ठाऊक होती, गणित हातात होतं. इंग्रजी शब्द त्या ज्ञानावर येऊन बसला.

सूर्यसिद्धान्ताच्या मूळ संहितेचं संपादन बापूदेवांच्या साहाय्याने केलं ते फिट्झएडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकनाने. गंगेच्या मुखाशी जहाज फुटल्यामुळे हा माणूस हिंदुस्थानात अडकला, संस्कृत शिकला आणि काशीच्या कॉलेजात प्राध्यापक झाला. पुढे इंग्लंडात वादावादी होऊन तो सफोक परगण्यातल्या एका खेड्यात जाऊन बसला आणि १९०१ मध्ये मरेपर्यंत ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशासाठी बिनपगारी राबला. रोजचे कित्येक तास तो मुद्रितं वाचायचा आणि जुन्या-नव्या पुस्तकांतून शब्दांच्या वापराची उदाहरणं पुरवायचा. त्या कोशाचा पायाच मुळी उदाहरणांचा आहे. आधी लोकांनी शब्द कुठे, कसा, कोणत्या वाक्यात वापरला ते गोळा करायचं आणि त्यावरून अर्थ ठरवायचा. आपली वही नेमकी उलटी चालते. ती अर्थ आधी देते आणि वाक्य कधीच देत नाही.

तिसरं उदाहरण विसाव्या शतकातलं, आणि वर्तमानपत्राच्या वाचकाला अधिक जवळचं. बाबूराव विष्णू पराडकर १८८३ मध्ये काशीतच एका मराठी कुटुंबात जन्मले. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर त्यांचे मामा. मामांनी बंगालीत नाव काढलं, भाच्याने हिंदीत. १९२० मध्ये काशीत ‘आज’ हे दैनिक निघालं आणि पराडकरांच्या हाताखाली ते हिंदी पत्रकारितेचं विद्यापीठ बनलं. तारेवरून येणारी बातमी इंग्रजी, अंक हिंदी, आणि पहाटेपर्यंत मजकूर छपाईला जायला हवा. ‘प्रेसिडेंट’साठी ‘राष्ट्रपती’, ‘मिस्टर’च्या जागी ‘श्री’, ‘इन्फ्लेशन’साठी ‘मुद्रास्फीती’ हे शब्द हिंदीत रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

यातला ‘इन्फ्लेशन’ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मराठी मुलाच्या वहीत त्याच्यासमोर ‘महागाई’ असतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण ‘इन्फ्लेशन सहा टक्क्यांवरून चारवर आलं’ ही बातमी वाचून तो म्हणतो, महागाई कमी झाली, मग तेल अजून महाग कसं? कारण इन्फ्लेशन म्हणजे किमती वाढण्याचा वेग. वेग मंदावला तरी वाढ चालूच असते. वहीने त्याला चुकीचा अर्थ दिला असंही नाही. अर्धा दिला आणि पुरा दिल्याचं समाधान दिलं, आणि हे समाधानच घातक आहे. पराडकरांना ही चैन परवडणारी नव्हती. वाचकाला समजेल असा शब्द बनवायचा तर चलन, भाव आणि त्यांचं नातं त्यांना आधी स्वतः समजून घ्यावं लागलं असणार.

तेव्हा अर्थ पाठ करणं सोडून द्या, इंग्रजीतच विचार करा, मराठीला वर्गाबाहेर ठेवा, असा सल्ला देणारे बरेच भेटतात. तो सल्ला चुकीचा आहे. शब्दसंग्रहाचा आयुष्यभर अभ्यास केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी उलट सांगून ठेवलं आहे: मातृभाषेतल्या अर्थासह कार्डावर शब्द लिहून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने आठवून पाहणं, ही सुरुवातीची ओळख करून घेण्याची उत्तम रीत. फक्त ती ओळखच असते. शब्द मुरतो तो वाचताना पुनःपुन्हा भेटला तर, आणि बोलण्या-लिहिण्यात वापरला तर. इंग्रजीतली सर्वांत जास्त वापरातली दोन हजार शब्दकुटुंबं सामान्य मजकुराचा सुमारे ऐंशी टक्के भाग व्यापतात. पण कादंबरी किंवा वर्तमानपत्र अडखळल्याशिवाय वाचायचं तर आठ-नऊ हजार लागतात, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब. मधले सहा-सात हजार शब्द वहीत घोकून येणार नाहीत. ते वाचनातूनच येतात.

हे आपल्याकडे फार आधी एकाला उमगलं होतं. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक ढाक्यात होता. बंगालमधल्या मुलांसाठी त्याने मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनमाला तयार केली आणि १९३५ मध्ये असा कोश काढला, ज्यातल्या सगळ्या व्याख्या फक्त १,४९० शब्दांत बसवल्या होत्या. थोडे शब्द, पण पुरते आपले, आणि त्यांच्या जोरावर भरपूर वाचन. जगभर पसरलेली ही कल्पना हिंदुस्थानातल्या वर्गात जन्मली, आणि आपल्याच वर्गांत तिला अजून थारा नाही.

वहीची दुसरी खोट आपल्या बाजूने तपासावी. ‘कडक’ घ्या. चहा कडक, शिस्त कडक, इस्त्री कडक, ऊन कडक, भाकरी कडक. मराठी कानाला पाचही ठिकाणी एकच शब्द. इंग्रजीत चहाला ‘स्ट्राँग’, शिस्तीला ‘स्ट्रिक्ट’, इस्त्रीच्या कॉलरला ‘स्टिफ’, भाकरीला ‘हार्ड’ आणि उन्हाला आणखी काही वेगळंच. ‘हार्ड म्हणजे कडक’ पाठ केलेला मुलगा ‘हार्ड टी’ मागतो. आपण हसतो, पण वहीच्या नियमाने त्याचं काही चुकलेलं नाही. कोणता शब्द कोणाशेजारी बसतो हे सांगणारा रकानाच वहीत नाही. आपण ‘लक्ष देतो’, इंग्रज ते ‘पे’ करतो. शब्द ‘अटेन्शन’ एवढाच शिकवला तर मूल उरलेलं मराठीतून भरून काढणार.

रेल्वे स्टेशनवर आणि फुटपाथवर हमखास मिळणारं नॉर्मन लुईसचं १९४९ चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ बहुतेकांच्या घरात असतं आणि बहुतेकांचं पहिल्या चाळीस पानांत थांबलेलं असतं. त्याची प्रकरणं उघडून पाहिली तर गंमत वाटते. माणसांचे स्वभाव, निरनिराळे डॉक्टर, नाना व्यवसाय असे गट पाडून, धातू उलगडून तो शब्द देतो. अमरसिंहाचे वर्गच हे, न्यूयॉर्कमार्गे आलेले. पण लोक त्यातूनही शब्द उचलतात, वहीत अकारविल्हे लावतात आणि गट मोडून टाकतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचीही अशीच उपेक्षा झाली. तिच्या जुनाट वाक्यांवर विनोद पुष्कळ झाले. पण मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून मराठी अशी दुहेरी वाहतूक तिने करून घेतली, हे विनोदाच्या भरात विसरलं गेलं.

शाळेपुरतं बोलायचं तर अडचण शिक्षकांच्या आळसाची नाही. पन्नास मुलांच्या वर्गात वीस शब्दार्थ तपासायला एक क्षण पुरतो. पन्नास मुलांची वाक्यं तपासायची तर तासिका अपुरी पडते. म्हणून शब्दच कमी करावेत. आठवड्याला वीसऐवजी पाच शब्द, तेही एकाच विषयातले; बाजार, शेत, दवाखाना, बँक. प्रत्येक शब्दाची दोन वाक्यं, त्यातलं एक मुलाच्या स्वतःच्या घरातलं. आणि तो शब्द म्हणजे काय, हे एकदा मराठीत, शेजारच्या बाकावरच्या मुलाला समजावून सांगायचं. तपासणीचं निम्मं काम तिथेच होऊन जातं, कारण समजावताना अडखळलेला मुलगा स्वतःच परत पुस्तक उघडतो. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत ‘अर्थ लिहा’च्या गुणांपैकी थोडे जरी ‘शब्द वाक्यात वापरा आणि मराठीत स्पष्ट करा’ याला दिले, तरी गाईड छापणाऱ्यांना पुढच्या जूनपर्यंत पानं बदलावी लागतील.