पोटात बाळ असताना जंताची गोळी?

अकोल्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. त्यांना पाचवा महिना लागला आहे. तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्यांबरोबर जंताची एक गोळी दिली. घरी आल्यावर सासूबाईंच्या नजरेस ती पडली. "काहून वं, पोटात लेकरू असताना जंताची गोळी? जंत मरतीन तं लेकराले काही होणार नाही काय? आमाले कोणी देल्ली होती?" तेव्हापासून ती गोळी देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्यामागे पडून आहे. पत्राच्या शेवटी या ताई विचारतात, "घेऊ की नको? आणि जंत माझ्या पोटात, तर बाळाला त्याचं काय?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. पाचवा महिना आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनीच दिली आहे, तेव्हा घ्या. आपल्याकडे २०१८ पासून अ‍ॅनिमियामुक्त भारत या कार्यक्रमात गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये, जिथे अंकुशकृमी आणि रक्तक्षय दोन्ही जास्त आहेत अशा भागांसाठी हाच सल्ला दिला. पहिले तीन महिने मात्र ही गोळी देत नाहीत, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात.

म्हणजे सासूबाईंची भीती अगदीच बिनबुडाची नाही, बरं का! त्यांनी आणखीही एक ऐकलेले असेल. हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघर गोळ्या खाऊ घालतात, तेव्हा गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचे मूल वगळतात. हत्तीरोग हाही कृमींचाच आजार, पण त्या मोहिमेत अल्बेंडाझोलबरोबर दुसरी औषधेही देतात. त्या मोहिमेचा नियम या एकट्या गोळीला लागला, आणि तुमची गोळी करंड्यामागे गेली!

आता दुसरा प्रश्न. हा फारसे कोणी विचारत नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्या बायकांना सगळ्यात जास्त छळतो तो अंकुशकृमी. जेमतेम सेंटिमीटरभर लांब. लहान आतड्याला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. एकेक जंत दिवसाला थेंब-दोन थेंबच पितो, पण शंभर-दीडशे असले म्हणजे हिशेब तुम्हीच करा. आधीच गरोदरपणात रक्त पुरत नाही. बाई फिकट पडते, दोन जिने चढली की धापा टाकते, आणि घरात म्हणतात, "दिवस गेले की असं व्हायचंच." हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर ते 'व्हायचंच' नाही, एवढे लक्षात ठेवा.

हा जंत गोड खाल्ल्याने होत नाही. पेढा बिचारा उगाच बदनाम आहे. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागी अंडी मातीत पडतात, ओलसर सावलीच्या मातीत त्यांच्या अळ्या होतात, आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. आपल्या वैशाखातल्या तापलेल्या कोरड्या भुईवर त्या तग धरत नाहीत. त्यांचे दिवस म्हणजे पावसाळा. तुम्ही म्हणाल, आम्ही शहरात राहतो, फरशीचे घर आहे. पण सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की पहिलटकरीण माहेरी जाते, ते माहेर पुष्कळदा खेड्यात असते. श्रावणात तिथे परसात, गोठ्यात, वावरात ती अनवाणीच हिंडते. माहेरी कोण चप्पल घालून वावरतं हो!

हे जंत बाळापर्यंत पोहोचत नाहीत. ते राहतात आईच्या आतड्यात, बाळ असते गर्भाशयात. पण जंत आपल्या अंगातून काही द्रव्ये सोडत असतात. आईच्या शरीराने त्यांना हुसकून लावू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती थोडी शांत ठेवायची, ही त्यांची युक्ती. या द्रव्यांचा अंश आईच्या रक्तातून वारेपर्यंत आणि नाळेतून बाळापर्यंत जातो. बाळाचे शरीर त्या वेळी एक मोठी गोष्ट शिकत असते : आपले कोण आणि परके कोण. रोज येणाऱ्या दूधवाल्यावर घरचे कुत्रे भुंकत नाही, तसे काहीसे होते. जे जन्माआधीच ओळखीचे झाले, त्याच्याशी पुढे बाळाचे शरीर जोरात झगडत नाही. सगळ्याच बाळांत असे होत नाही. काही उलट जन्मतःच सावध झालेली असतात.

नुसते जंतांपुरतेच हे राहते, तर एवढे लिहिले नसते. केनियातल्या एका अभ्यासात ४५० गरोदर स्त्रियांची मलेरिया, हत्तीरोग आणि आतड्यातले जंत यांसाठी तपासणी केली आणि त्यांच्या बाळांना तीन वर्षांचे होईपर्यंत पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आयांना यांतला एक किंवा अधिक आजार होता, त्यांच्या बाळांच्या रक्तात घटसर्प आणि हिब या दोन लसींनी तयार होणारी संरक्षक द्रव्ये कमी भरली. आपल्याकडे बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात जी पेंटाव्हॅलंट लस टोचतात, तिच्यात या दोन्ही असतात. लस तीच, पण कोणत्या अंगात ती पडते यावर थोडेफार अवलंबून आहे, असे हे दिसते.

मग गोळी घेतली की लस जोरात लागेल का? इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. युगांडात एन्टेबी या गावी २००३ ते २००५ या काळात अडीच हजार गरोदर स्त्रियांना अभ्यासात घेतले होते. काहींना अल्बेंडाझोल दिले, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बाळे वर्षाची झाल्यावर पाहिले, तर बीसीजी, धनुर्वात आणि गोवर या लसींच्या परिणामात फरक नव्हता. उलट गोळी घेतलेल्या आयांच्या बाळांत अंगावर इसब येण्याचे प्रमाण जास्त निघाले. जंतांनी शांत ठेवलेली प्रतिकारशक्ती मोकळी झाली की कधी कधी ती कातडीवर चिडते, असा तर्क आहे. निसर्गाचा व्यवहार असा देण्याघेण्याचा असतो.

म्हणून गोळी घ्यायची ती मुख्यतः तुमच्या रक्तासाठी. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातल्या, २००४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत मिळून दोन गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ५९ ग्रॅमने भारी होती, आणि पहिल्या सहा महिन्यांत दगावण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. वेळेवर गोळी घेणाऱ्या बायका इतर काळजीही जास्त घेत असतील, तेव्हा सगळे श्रेय गोळीला देऊ नये. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मलेरियाचे मात्र वेगळे आहे. तो वारेतच ठाण मांडतो. आईची संरक्षक द्रव्ये शेवटच्या तिमाहीत वारेतून बाळाकडे जातात, ती वाटच अरुंद होते, आणि बाळ कमी वजनाचे होते. धारणी-चिखलदऱ्याकडच्या बायकांना मलेरिया नवा नाही, पण शहरातही नळाला रोज पाणी नसले की आपण पिंप, रांजण, टाकी भरून ठेवतो आणि त्यात डास वाढतात. झाकण घट्ट ठेवा, आठवड्यातून एकदा भांडे कोरडे करा. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कपाटातून काढू नका, त्यांतल्या काही गरोदरपणात चालत नाहीत.

आणखी एक विषय, जो बायका लाजून सांगत नाहीत. मातीचे डोहाळे. पहिल्या पावसाचा वास आला की काहींना राहवत नाही, भिंतीचा पोपडा, चुलीची माती, काहीही तोंडात जाते. यात लाजण्यासारखे काही नाही. पुष्कळदा ते अंगातले लोह कमी असल्याचे लक्षण असते. पण मातीत गोल जंतांची अंडी असतात, म्हणजे रक्त कमी म्हणून माती, मातीमुळे जंत, असे चक्र सुरू होते. डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांगा. घरगुती उपायांतली वावडिंग आणि पळसाच्या बिया पोटात बाळ असताना घेऊ नका. आजीने सांगितले तरी नाही.

तर अकोल्याच्या ताई, गोळी आज रात्री जेवणानंतर घ्या. लोहाची गोळी रोज एक, १८० दिवस, चहाबरोबर नको. माहेरी जाताना दोन जोड चपला न्या, एक परसाच्या दाराशी ठेवायला. बाळ झाले की बीसीजीपासून पुढची एकही लस चुकवू नका. लस थोडी कमी लागण्याची शक्यता असेल, तर एकही डोस न गाळणे आपल्या हातात आहे. माता-बाल कार्डावर तारखा लिहिलेल्या असतात, आशाताईही आठवण करतात.

राहिल्या सासूबाई. त्यांना हे पान वाचून दाखवा. आणि जमले तर पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या, त्यांचेही हिमोग्लोबिन एकदा पाहून घेता येईल. तेव्हा कोणी गोळी दिली नव्हती, हे त्या म्हणतात ते खरेच आहे. गोळी घेतलीत की कळवा, आणि करंड्यामागे अजून काय काय ठेवले आहे तेही!