पदवी अभ्यासक्रमातील पर्यावरण बांधापर्यंत कसे पोहोचेल?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांचे अभ्यासक्रम बदलत आहेत. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी असो, त्याला पर्यावरण आणि शाश्वत विकास शिकवावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे धोरण आहे. त्यासाठी आयोगाने 2023 मध्ये पदवी स्तरावरील पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला. कृषी पदवीसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीचा अभ्यासक्रम 2024-25 पासून लागू झाला.

हा विषय विद्यापीठाच्या बैठकीतला वाटला तरी त्याचा संबंध आपली विहीर, जमीन आणि पीककर्ज यांच्याशी आहे. शेतीवर परिणाम करणारे निर्णय फक्त कृषी पदवीधर घेत नाहीत. पंपाचा आराखडा अभियंता करतो, कर्जाची फाइल वाणिज्य पदवीधर तपासतो, करारनामा वकील लिहितो. यातील प्रत्येकाला पाणी आणि मातीचा हिशेब किती कळतो, यावर आपल्या शेताचे बरेच काही ठरते.

आजवर काय झाले?

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1991 मध्ये पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले. त्यातून पुढे सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरक भरूचा यांनी लिहिले. अभ्यासक्रमाचा आराखडा चांगला होता. एकूण 50 तासिका होत्या, त्यांपैकी 5 प्रत्यक्ष क्षेत्रभेटीसाठी होत्या. 100 पैकी 25 गुणही क्षेत्रकार्याला होते.

अडचण अंमलबजावणीत आली. मुख्य विषयाचे गुण वेगळे आणि पर्यावरणाचा पेपर वेगळा, त्यामुळे अनेक ठिकाणी तो 'पास होण्यापुरता' विषय झाला. ओझोनचा थर, जैवविविधतेची व्याख्या, प्रदूषणाचे प्रकार पाठ झाले. पण स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने कालव्याचा आराखडा करताना पाणथळ आणि क्षारपड जमिनीचा विचार केला का, हे त्या पेपरमध्ये कोणी विचारले नाही. कालव्याच्या गणितात निचऱ्याचे गणित नसेल तर काय होते, हे सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. तिथे अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव यामुळे चांगल्या उसाच्या जमिनी चोपण झाल्या आहेत.

एका शेतात किती शाखा येतात?

1. अभियांत्रिकी आणि सौर पंप: सौर कृषिपंप गावोगावी बसत आहेत. विजेच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. दिवसा पाणी मिळते, रात्रीचे जागरण आणि सापाची भीती कमी होते. पण पंप चालवण्याचा रोजचा खर्च शून्य झाला की उपसा थांबवण्याचे एक कारणही संपते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे, तिथेही हेच लागू पडते. राज्याचा 80 टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते फक्त मुरमाच्या थरात आणि भेगांत.

आता साधे गणित पाहू. एक एकराला 60 मिलिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे 2 लाख 43 हजार लिटर पाणी. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर पाणी म्हणजे सुमारे 28 हजार लिटर. म्हणजे झरे धरले नाहीत तर एका एकराच्या एका पाळीला अशा विहिरीतले साडेआठ मीटर पाणी लागते. हे गणित दहावीच्या पुढचे नाही. पण सौर पॅनेलची क्षमता काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत ते आले, तर तो पंपाच्या अश्वशक्तीसोबत विहिरीची आवकही विचारेल.

2. रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि युरिया: 45 किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असते. गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीचा खर्च सरकार अनुदानातून भरते. दिलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला मिळत नाही. काही अमोनिया होऊन उडतो, काही निचऱ्याबरोबर खाली जातो. रसायनशास्त्राचा विद्यार्थी अमोनियाची अभिक्रिया शिकतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी अनुदान शिकतो, आरोग्याचा विद्यार्थी पाण्यातील नायट्रेट शिकतो. ही तिन्ही पाने एकाच गोणीची आहेत, हे त्यांना एकत्र कोणी दाखवत नाही.

3. वाणिज्य आणि पीककर्ज: पीकनिहाय कर्जदर ठरवताना उसासारख्या पिकाला हेक्टरी जास्त रक्कम मिळते, तूर-ज्वारीला कमी. त्यात हमी आणि खर्च यांचा हिशेब असतो, पाण्याचा नसतो. बँकेत रुजू होणाऱ्या पदवीधराने 'प्रति हेक्टर नफा' याच्या शेजारी 'प्रति हजार लिटर पाण्यामागे नफा' हा रकाना एकदा तरी मांडलेला असावा. दुष्काळी तालुक्यात दुसरा रकाना पाहिल्यावर पिकांचा क्रम बदलू शकतो.

4. विधी: महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत. 60 मीटर म्हणजे सुमारे 200 फूट. गावात पाचशे-सातशे फुटांच्या बोअर घेतल्या जातात, हे सर्वांना माहीत आहे. दुसरीकडे कार्बन क्रेडिटचे करारही शेतकऱ्यांसमोर येऊ लागले आहेत. कराराची मुदत किती, मशागतीच्या कोणत्या अटी पाळायच्या, मोजणीचा खर्च कोणाचा, जमीन विकली तर काय, हे वाचून सांगणारा वकील तालुक्याच्या ठिकाणी हवा. त्याला कायदा आणि सेंद्रिय कर्ब दोन्ही थोडे तरी कळले पाहिजे.

वेगळा पेपर ठेवावा की प्रत्येक विषयात मिसळावा?

तज्ज्ञांमध्ये यावर दोन मते आहेत. वेगळा पेपर ठेवला तर तो बाजूला पडतो. सगळीकडे मिसळला तर 'सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच नाही' अशी गत होते. प्रस्तावनेत 'शाश्वत' हा शब्द घातला की अभ्यासक्रम हिरवा झाला, असे मानण्याचा मोहही असतो.

माझ्या मते पायाभूत पेपर राहावा, कारण पाणी, माती आणि हवामानाची भाषा सर्वांना यावी लागते. पण खरा बदल मुख्य विषयाच्या परीक्षेतच होईल. पंपाच्या पेपरमध्ये विहिरीच्या आवकीवर एक गणित, बँकिंगच्या पेपरमध्ये पाण्यावरील नफ्याचे एक उदाहरण, करार कायद्यात कार्बन कराराचा एक प्रश्न. गुण तिथे असतील तर विद्यार्थी शिकेल आणि शिक्षकही तयारी करेल.

आणखी एक काळजी घ्यावी लागेल. शाश्वततेचे शिक्षण म्हणजे शेतकऱ्याला उपदेश, असे होऊ नये. उसाचे पाचट जाळू नये हे बरोबर आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते, त्यात साधारण 34 ते 50 किलो नत्र असते आणि जाळल्यावर ते बहुतेक जाते. पण कुट्टीच्या यंत्राचे भाडे, मजूर, खोडव्याचे लवकर येणारे पाणी हा खर्चही खरा आहे. पाचटापासून हवा, माती आणि समाजाला जो फायदा होतो, त्यातील किती वाटा शेतकऱ्याला मिळतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय शिकवलेले पर्यावरण अर्धे आहे.

कृषी पदवीधरांनाही हे लागू

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या पदवीत पर्यावरण व आपत्ती व्यवस्थापनाचा विषय आहे. तरीही कीटकशास्त्र, मृदाशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र आपापल्या खोलीत शिकवले जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यात कीटकनाशकांचे मिश्रण, फवारणीचा पंप, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव, विक्रेत्याचा सल्ला आणि दवाखान्याची तयारी असे अनेक धागे होते. एकाच विषयाच्या पुस्तकात याचे उत्तर सापडत नाही.

गावाने आणि विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

अभ्यासक्रम मंडळात आपली खुर्ची नाही. पण विद्यार्थी आपल्याकडेच येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात राहतात. राज्यातील नव्या पदवी रचनेत कला, वाणिज्य, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभागाचे श्रेयांक आहेत. त्यांना विषय हवे असतात. ते आपण द्यावेत:

- पाच-दहा विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी मोजून नोंदवहीत लिहिणे.
- पावसाळा संपताच गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणे आणि रब्बीचे क्षेत्र त्यानुसार सुचवणे.
- माती परीक्षण अहवाल जमा करून सेंद्रिय कर्ब, सामू व क्षारता यांचा गावनकाशा करणे.
- पाचट जाळणारे आणि कुजवणारे, अशा दोन्ही शेतकऱ्यांचा एकरी जमाखर्च मांडणे. हे काम वाणिज्य शाखेला द्यावे.
- कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचे काय होते, याची पाहणी करणे.

कृषी सहाय्यकांनी अशा विषयांची यादी करून जूनमध्येच जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना द्यावी. यादीसोबत तीन अटी घालाव्यात. शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय त्याची माहिती बाहेर जाऊ नये. अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेत वाचावा. मूळ नोंदवही ग्रामपंचायतीत राहावी, म्हणजे पुढच्या वर्षीची तुकडी तिथूनच पुढे काम करेल.

वृक्षारोपणाचा फोटो आणि आभारप्रदर्शन यावर कार्यक्रम आटोपत असेल, तर गावाने नम्रपणे विहिरीचे माप आणि वही पुढे करावी. यातीलच एखादा विद्यार्थी उद्या बँकेत, पाटबंधारे खात्यात किंवा महावितरणमध्ये बसणार आहे. तेव्हा त्याच्यासमोर आलेल्या अर्जात पंपाची अश्वशक्ती लिहिलेली असेल. विहिरीची आवक किती, हे विचारण्याची सवय त्याला आत्ताच लागायला हवी.