पीसीओएस, आपली सुट्टी आणि १२० दिवसांचा संसार



इथे आपण एरवी थकलेला पगार, अडकवून ठेवलेला पासपोर्ट, साइटवरचे अपघात यांवर लिहितो. आज घरातला विषय घेतोय. वाचताना अवघडल्यासारखं होईल, मलाही लिहिताना होतंय. पण लेबर कॅम्पच्या खोलीत दिवा मालवल्यावरसुद्धा आपण जे बोलत नाही, त्याच्यापायी गावाकडे आपल्या बायका रोज बोलणी खातात.

माझंच सांगतो. बायकोला विचारून लिहितोय, फक्त नाव नको म्हणाली. लग्न झालं तेव्हा मी दुबईत होतो. वर्षाला ३० दिवस सुट्टी. चार वर्षं झाली आणि आईचा, आत्याचा सूर बदलला. "चार वर्षं झाली की रे, अजून पाळणा हलेना." बोलणं मला फोनवर पाच मिनिटं, तिला दिवसभर. हळदीकुंकवाला बोलावणं येईना, बारशाला तर नाहीच. एका रात्री मी कागद घेऊन हिशेब मांडला, सिमेंटच्या गोण्यांचा मांडतो तसा. चार सुट्ट्या म्हणजे १२० दिवस. त्यातून प्रवास, देवदर्शन, पाहुणेरावळे आणि तिच्या माहेरचे दिवस वजा करा. डॉक्टर काय म्हणतात, तर नवराबायको वर्षभर एकत्र राहून, कुठलंही साधन न वापरता दिवस गेले नाहीत तर तपासणी करा. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. आमचे चार वर्षांत मिळून चार महिनेही भरत नव्हते, आणि गावानं तिला वांझ ठरवून टाकलं होतं.

त्यात तिची पाळी साठ-सत्तर दिवसांनी यायची. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर पीसीओएस लिहून आलं आणि घरात "गाठी आहेत" म्हणून रडारड झाली. त्या गाठी म्हणजे कॅन्सर नव्हे. अंडाशयात बीजांडाच्या बारक्या पिशव्या वाढू लागतात, पण पूर्ण पिकून बीजांड बाहेर सुटत नाही. त्या अर्धवट पिशव्या सोनोग्राफीत दिसतात, एवढंच. पाळी लांबणं, पुरुषी हार्मोन वाढलेला असणं (हनुवटीवर केस, मुरुमं, नाहीतर रक्ताच्या तपासणीत दिसतं) आणि सोनोग्राफीतल्या या पिशव्या, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं नसली की पीसीओएस म्हणतात. दर दहा बायकांत साधारण एकीला असतो. जाड बायकांनाच होतो हे खोटं, माझी बायको काडीसारखी आहे.

आता हे सुट्टीच्या हिशेबात घाला. बीजांड सुटलं की जेमतेम एक दिवस टिकतं. सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढेच कामाचे. आम्ही काँक्रीटचा क्यूब २८ दिवसांनी तपासतो, तारीख ठरलेली असते. जिची पाळी सत्तर दिवसांनी येते, तिचं बीजांड वर्षातून चार-पाच वेळाच सुटणार, तेही कधी ते सांगता येत नाही. तुमच्या ३० दिवसांत ते एकदाही सुटलं नाही, असं सहज होतं. मग दोष कुणाला लावायचा?

आमची एक चूक सांगतो, कारण ती बऱ्याच घरांत होते. गावाकडच्या एका डॉक्टरांनी तिला "पाळी नियमित करायच्या" गोळ्या दिल्या. पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली, घरचे खूश. चौदा महिने झाले, तरी दिवस जाईनात. नंतर कळलं की त्या गर्भनिरोधक गोळ्या होत्या! पाळीसाठी त्या खरंच देतात, औषध चुकीचं नव्हतं. पण त्या चालू असेपर्यंत मूल होणार नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ही गोळी पाळीसाठी आहे की मूल होण्यासाठी?

आता मी नेपरव्हिलला आहे. इथून तासाभरावर शिकागोच्या दक्षिण भागात, तळ्याच्या बाजूला मायकल रीस नावाचं हॉस्पिटल होतं. २००९ मध्ये बंद झालं, ऑलिंपिक येणार म्हणून शहरानं जागा घेतली, ऑलिंपिक गेलं रिओला, आणि इमारती तेवढ्या पाडल्या गेल्या. (आपल्या धंद्यातल्या माणसाला असली गोष्ट लागते.) त्याच हॉस्पिटलातल्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांची हकिगत छापली: पाळी नाही, मूल नाही, अंडाशयं फुगलेली. त्यांनी अंडाशयाचा तुकडा कापून काढला तर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पीसीओएसला बरीच वर्षं स्टाइन-लेव्हेंथलचा आजार म्हणायचे. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीपासून माहीत आहे की हा दुखण्याचा प्रकार आहे आणि त्याला इलाज आहे. आपल्याकडे अजून नारळ फोडणं चालू आहे.

आज कापाकापी सहसा लागत नाही. बीजांड सुटावं म्हणून पहिली गोळी देतात ती लेट्रोझोल, पाच दिवस. नेटवर नाव टाकलं की स्तनाच्या कॅन्सरचं औषध म्हणून येतं. माझ्या मेव्हण्यानं तर "भारतात बंदी आहे" असा मेसेज पाठवला. बंदी होती, २०११ मध्ये आली आणि २०१७ मध्ये उठली. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० बायकांवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. जुन्या क्लोमिफेन गोळीवर १९.१ टक्के जणींना मूल झालं, लेट्रोझोलवर २७.५ टक्के. खात्रीचा इलाज नाही, पण जास्त चांगला आहे. मात्र मेडिकलवरून परस्पर आणू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची गोळी आहे. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी पाळीला फरक पडतो. आणि मूल नको असेल तरी तीन-तीन महिने पाळी न येणं अंगावर काढू नका: गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, पुढे मधुमेहाचाही धोका असतो.

गोळी सुरू करण्याआधी इथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची तपासणी?" मी गप्प. इतक्या वर्षांत बायकोच्या सहा सोनोग्राफ्या झालेल्या, माझी एकही तपासणी नाही. वीर्याची तपासणी म्हणजे २ ते ७ दिवस संबंध न ठेवता एका डबीत नमुना द्यायचा, बस. सुई नाही, दुखणं नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये होते, दुबईतही होते. उन्हातान्हात, भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी तर आधी करावी. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे गुटखा सुट्टीच्या आदल्या दिवशी सोडून उपयोग नाही.

आखातातल्या भावांनो, तुमच्यासाठी: सुट्टी दिवाळी बघून टाकू नका. बायको आधी डॉक्टरांना भेटू दे, तपासण्या होऊ देत. पाळी आणण्याची, मग लेट्रोझोलची तारीख डॉक्टर साधारण ठरवून देऊ शकतात. शेवटच्या गोळीनंतर साधारण पाच ते दहा दिवसांत बीजांड सुटतं. गोळ्या संपतात त्या सुमाराला तुम्ही घरी असायला हवं. अडचण अशी की सुट्टीची तारीख कंपनी ठरवते. यूएईच्या कायद्यात वर्ष भरल्यावर ३० दिवसांची भरपगारी रजा हक्काची आहे, पण कधी द्यायची हे मालकाच्या सोयीनं. म्हणून दोन-तीन महिने आधी लेखी मागा, वैद्यकीय कारण आहे असं लिहा, प्रत जवळ ठेवा. फोरमनला तोंडी सांगितलेलं धरू नका.

हा कामगारांचा प्रश्न कसा, असं कुणी म्हणेल. बीडला बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना एक दिवस चुकला की मुकादम खाडा लावतो. पाळीचा त्रास म्हणजे खाडा, दवाखाना म्हणजे खाडा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींनी गर्भपिशवी काढून टाकलेली निघाली. आपण विमानानं आलो, ते ट्रॅक्टरनं गेले. खाडा तोच आहे.

मलाही लागला. आधीच्या एका ठेकेदाराकडे सोनोग्राफीसाठी दोन तास गेलो तर अख्ख्या दिवसाचा पगार कापला. तेव्हा कायदा माहीत नव्हता. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२४ पासून दर ४० तास कामामागे एक तास भरपगारी रजा साठते, वर्षाला ४० तासांपर्यंत. नोकरीला ९० दिवस झाले की वापरता येते, आणि कारण सांगायची सक्ती नाही. बांधकामात युनियनचा करार असेल तर हा कायदा लागू होत नाही, तिथे करारात काय आहे ते वाचा. दुसरं, या राज्यात २५ पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या ग्रुप विम्यात वंध्यत्वाची तपासणी आणि उपचार धरावे लागतात, आयव्हीएफसुद्धा. २०२२ पासून वर्षभर थांबायचीही गरज नाही, डॉक्टरांनी तपासून लिहिलं तरी चालतं. पण कंपनी स्वतःच्या पैशातून विमा चालवत असेल तर ही सक्ती नाही. म्हणून एचआरला एवढंच विचारा, प्लॅन फुल्ली इन्शुअर्ड आहे की सेल्फ-फंडेड, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आमची लेट्रोझोलची चौथी पाळी चालू आहे. तीन वेळा काही झालं नाही. आईला मी १२० दिवसांचा हिशेब फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही, मग सुनेला फोन द्यायला सांगितलं. पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसातला सोनोग्राफी आहे आणि त्याच दिवशी फूटिंगचं काँक्रीट. मी चार तासांच्या रजेचा अर्ज टाकलाय. कारणाचा रकाना कोरा सोडलाय.