काच आधी, कॅमेरा मागाहून

"प्रवासासाठी कॅमेरा कुठला घेऊ?" हा प्रश्न हल्ली कचेरीत महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो. फाईल नसते, त्यामुळे शेरा तोंडीच मारावा लागतो. विचारणाऱ्याकडे दोन-तीन मॉडेलांची नावे आणि मेगापिक्सेलचे आकडे तयार असतात. मात्र कुठे जाणार, काय टिपणार आणि किती ओझे वाहायची तयारी आहे, हे कुणी सांगत नाही. वारंवार तेच बोलण्यापेक्षा माझे मत एकदा लेखी दिलेले बरे.

मिररलेस म्हणजे काय ते थोडक्यात. जुन्या डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वरच्या नेत्रिकेकडे वळवतो आणि फोटो काढताना 'खट्ट' करून वर उचलला जातो. हा आरसा काढून टाकला की कॅमेरा पातळ होतो आणि सेन्सरला जे दिसते तेच आपल्याला पडद्यावर दिसते. २००८ साली पॅनासॉनिकने जी-१ आणून या जातीची सुरुवात केली. कॅनन आणि निकॉन ही बडी मंडळी २०१८ मध्ये पूर्ण आकाराच्या सेन्सरचे मिररलेस घेऊन मैदानात उतरली. आता बाजारात नवे येते ते बहुतेक मिररलेसच.

पण इथेच एक गंमत आहे. आरसा गेला म्हणून बॉडी बारीक झाली, लेन्स काही त्या प्रमाणात बारीक झाली नाही! ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरला प्रकाश पुरवायचा तर काच मोठीच लागते. अशा कॅमेऱ्याची चांगली २४-७० एफ २.८ झूम लेन्स एकटीच पाऊण किलोच्या आसपास भरते. दुकानात ती बॉडी हातात घेऊन "अरे वा, हलका आहे" म्हणणारा माणूस पुढे बदामीच्या पायऱ्या चढताना काय म्हणेल, ते लिहिण्यासारखे नाही. म्हणून प्रवाशाने एपीएस-सी (सुमारे २३.५ गुणिले १५.६ मिमी) किंवा मायक्रो फोर थर्ड्स (१७.३ गुणिले १३ मिमी) या आकारांवर समाधान मानावे, असे मला ठामपणे वाटते. भिंतभर मोठे फोटो छापायचे नसतील तर फरक शोधावा लागतो. मानेला मात्र तो पहिल्याच दिवशी कळतो.

आता मुख्य मुद्दा. पैसे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त घाला. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, चांगली काच तुमच्या दोन-तीन बॉड्या पुरून उरते. पेटीत जी 'किट' झूम येते ती दिवसाउजेडी उत्तम. पण झूम पुढे नेली की तिचे तोंड एफ ५.६ किंवा त्याहूनही बारीक होते. एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. दहापट! आपल्या भागातले पाहण्यासारखे बरेचसे अंधारात असते. चवथीला माटोळी बांधतात त्या खोलीत उजेड किती असतो? देवळाच्या सभामंडपात, तांबडी सुर्लाच्या काळ्या बेसाल्टच्या मंडपात, बदामीच्या तिसऱ्या लेण्यात (तिथला शिलालेख इ. स. ५७८ चा) हीच गत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाईला वेगळी परवानगी लागते, ती कोण काढत बसणार? बॉडीतली कंप थोपवणारी यंत्रणा दगडी मूर्तीला उपयोगी पडते, पण रात्रीच्या शिगम्यात रोमटामेळात नाचणारा पोर काही तिच्यासाठी थांबत नाही. तिथे मोठ्या तोंडाची काचच लागते.

कुठली घ्यावी? एपीएस-सीवर २३ मिमी, मायक्रो फोर थर्ड्सवर १७ मिमी. आपण सहज उभे राहून जेवढे पाहतो, साधारण तेवढा भाग तिच्यात मावतो. फुजीची २३ मिमी एफ २ अवघी १८० ग्रॅमची, ऑलिंपसची १७ मिमी एफ १.८ तर १२० ग्रॅमची. सोबत किटची झूम असू द्या. झाले तुमचे बिऱ्हाड. कार्तिए-ब्रेसाँने १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले. आयुष्यातले बहुतेक काम त्याने छोट्या लायकावर ५० मिमीची एकच लेन्स लावून केले. आपले अडावे असे काय आहे?

लांब पल्ल्याच्या लेन्सचा मोह अनेकांना होतो. चोडणेला पक्षी टिपणाऱ्यांना ती लागतेच, त्यांची गोष्ट वेगळी. पण म्हापशाच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईचा चेहरा रस्त्यापलीकडून चोरून टिपणे मला पटत नाही. छोटी लेन्स असली की जवळ जावे लागते, "बरें मू?" म्हणून विचारावे लागते. बाई नको म्हणाली तर कॅमेरा खाली घ्यावा. हो म्हणाली तर त्या फोटोत ती स्वतःहून आलेली असते.

आता गोव्याच्या हवेविषयी. आपल्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते आणि ती काच पोखरते. चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. हवाबंद प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक आणा. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. सेकंडहँड लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बुरशीचे धागे दिसतात का ते पाहा. आणखी एक. आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की बहुतेक बॉड्यांत सेन्सर उघडाच पडतो. जांबावलीच्या गुलालात किंवा माशेलच्या चिखलकाल्यात लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही! बॅटरीही डीएसएलआरच्या मानाने लवकर संपते, एक जादा हवीच. देवळात आवाज नको म्हणून मूक शटर वापराल, पण एलईडी दिव्यांखाली त्याने फोटोवर पट्टे उमटू शकतात, तेव्हा काल्याच्या नाटकात आधी दोन फोटो काढून तपासा.

"एवढे कशाला, मोबाईल आहे की!" असेही कुणी म्हणेल. भर उन्हात मोबाईल पुरतो, वाद नाही. अंधारात हलणारी माणसे आली की त्याची हुशारी संपते. आणि कितीही चांगला मोठा कॅमेरा घरी कपाटात राहिला तर त्याच्यापेक्षा खिशातला मोबाईल बरा. म्हणून तर लहान कॅमेऱ्याचा हा आग्रह.

कारण आपल्याकडे गोष्टी सांगून नाहीशा होत नाहीत. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेने कोरलेली चित्रे आपल्या कित्येक देवळांच्या भिंतींवर होती. जीर्णोद्धार निघतो, भिंतीला तैलरंग किंवा टाईल लागते, आणि पुढच्या जत्रेला गेलेल्या पोराला तिथे काही होते हेच ठाऊक नसते. समितीच्या ठरावाला आपण अडवू शकू न शकू. पण त्याआधी सहज म्हणून देवळात गेलेल्या कुणाच्या पिशवीत अर्ध्या किलोचा कॅमेरा आणि अंधारात पाहणारी काच असली, तर ती भिंत निदान फोटोत तरी उरेल. तेव्हा आकड्यांची चर्चा पुरे. पिशवीत मावेल तेवढाच कॅमेरा घ्या, आणि तो रोज बरोबर ठेवा.