संगणकाशी गट्टी : गुरू कसा पारखाल?

दोस्तांनो, स्क्रॅच झालं, पायथन झालं, आता तुमच्यापैकी काहींना हॅस्केल शिकायचीय. १९९० साली आलेली ही संगणकभाषा. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचं नाव तिला दिलंय. पण तिचा क्लास काही गल्लोगल्ली सापडत नाही. मग गुरू आपणच शोधायचा!

आधी ही भाषा कशी आहे ते बघा. हिच्यात प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरलेला असतो : आकडा, अक्षरं, खरं-खोटं. आकड्यात शब्द मिळवायला सांगितलात, तर प्रोग्राम चालू होण्याआधीच संगणक अडवतो. आणि इथलं फंक्शन म्हणजे जणू पिठाची गिरणी. तेच धान्य टाका, दरवेळी तेच पीठ मिळणार.

आता पुस्तकं. मिरान लिपोवाचा यांचं 'लर्न यू अ हॅस्केल फॉर ग्रेट गुड' गमतीदार चित्रांचं आहे, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. वाचताना मजा येते. पण त्यात सोडवायला स्वाध्याय नाहीत. ग्रॅहम हटन यांच्या 'प्रोग्रॅमिंग इन हॅस्केल'मध्ये (दुसरी आवृत्ती २०१६) प्रत्येक प्रकरणाखाली स्वाध्याय आहेत. ते कॉलेजच्या मुलांसाठी लिहिलंय, तेव्हा शाळेत असाल तर सावकाश चला. फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाचा अभ्यासक्रमही फुकट आहे. त्यातली उदाहरणं बरोबर सुटली की नाही, हे संगणकच तपासून सांगतो.

तर कसोटी सोपी आहे : धडा वाचा, पुस्तक मिटा आणि उदाहरण सोडवा. चुकलात तर संगणक काय म्हणतोय ते नीट वाचा. तो रागावत नाही, कुठे अडलं ते दाखवतो. तीन पुस्तकं अर्धवट वाचून 'मला जमतच नाही' म्हणणारी मुलं मठ्ठ नसतात हं! त्यांनी नुसतं वाचलेलं असतं, हात चालवलेला नसतो. म्हणून एकच पुस्तक घ्या, पण तडीस न्या.

आई-बाबांनो, यासाठी खर्च फारसा नाही. हॅस्केलचा कंपायलर फुकट मिळतो. इंग्रजी अडलं तर तेवढं शेजारी बसून समजावा.

आणि हा तुमचा गृहपाठ : १ ते १०० आकड्यांची बेरीज हॅस्केलमध्ये एका ओळीत करा. उत्तर ५०५० यायला हवं. बघू, कोणाचं आधी येतंय!